ऑटोपायलट वारंवार स्टँडबायवर जातो: बिघाड नेमका कुठे शोधायचा

शिडाच्या बोटीचं सुकाणू आपोआप सांभाळणारं यंत्र म्हणजे ऑटोपायलट, थोडक्यात पायलट. तो स्टँडबायवर गेला की सुकाणू सोडून देतो. लक्षण असं असतं. धक्क्यावर सगळं ठीक. बटण दाबलं की पायलट लागतो, सुकाणू दोन्ही बाजूंना नीट फिरतं, एकही अलार्म येत नाही. बंदराबाहेर पडल्यावर दुपारचा वायव्येचा वारा भरतो, मागून तिरकी लाट येऊ लागते आणि थोड्या वेळात भोंगा वाजतो. पडद्यावर क्षणभर एखादा संदेश दिसतो आणि पायलट स्टँडबायवर गेलेला असतो. पुन्हा लावला तर लागतो, पण काही मिनिटांनी तेच. कधीकधी अलार्मसुद्धा येत नाही. पडदा काळा होतो आणि कंपनीचं चिन्ह दाखवत यंत्र नव्याने सुरू होतं.

मुंबईहून गोव्याला जाताना हा अनुभव बऱ्याच जणांना येतो, आणि त्याचं कारण या वाटेतच आहे. डिसेंबर ते मार्च या काळात सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपासचा हा प्रवास बहुतेक मागच्या किंवा तिरक्या मागच्या वाऱ्यावर होतो. पहाटेचा मतलई वारा हलका, समुद्र सपाट, पायलट निवांत. दुपारी खारा वारा चढला की लाट बोटीचा मागचा भाग उचलून बाजूला ढकलते. बोट सरळ ठेवायला सुकाणू पटापट आणि मोठ्या कोनात फिरवावं लागतं. पायलटला सगळ्यात जास्त राबवणारी हीच स्थिती, म्हणून बिघाडही तेव्हाच उघडा पडतो.

याला किरकोळ त्रास समजू नका. मागच्या वाऱ्यावर पायलट सुटला की बोट स्वतःहून वळते आणि बूम (मुख्य शिडाखालचा आडवा दांडा) एका क्षणात इकडून तिकडे जातं. त्या वेळी कुणी कॉकपिटमध्ये उभं असेल तर डोक्यावर घाव बसू शकतो. रत्नागिरी-मालवणच्या पट्ट्यात रात्री दिवा नसलेली जाळी आणि होड्या असतात, तिथे भलत्या दिशेने गेलेले दोन मिनिटंसुद्धा महागात पडतात. कारण सापडेपर्यंत बूमला प्रिव्हेंटर (ते अचानक फिरू नये म्हणून लावायचा दोर) बांधा आणि चाकाजवळ माणूस ठेवा.

आता मुद्द्याचं सांगतो. हा बिघाड परत परत येतो, कारण त्याचा शोध धक्क्यावर घेतला जातो. तंत्रज्ञ येतो, इंजिन बंद असतं, बोट बांधलेली असते, सुकाणूवर पाण्याचा दाब नसतो. ड्राइव्हची, म्हणजे सुकाणू ढकलणाऱ्या यंत्राची, मोटर जेमतेम दोन-तीन अँपियर घेते. त्या स्थितीत सगळं चांगलंच दिसणार. मग अंदाजाने कंपास बदलला जातो, पुढच्या खेपेला पायलटचा मेंदू असलेला कोर्स कॉम्प्युटर बदलला जातो. मोठा खर्च होतो आणि जयगडच्या पुढे तोच भोंगा पुन्हा वाजतो. पायलट लोडखाली, म्हणजे मोटरवर खरा ताण असताना, मोजायचा असतो. बाकी सगळं त्यानंतर.

आधी वही, मग पाना

पायलट सुटला की लगेच चार गोष्टी लिहून ठेवा: वेळ, बोटीचं तोंड कुठल्या दिशेला होतं, त्या क्षणी आणखी काय चालू होतं आणि पडद्यावर कोणते शब्द आले. संदेश चार-पाच सेकंदात जातो, मोबाइलवर फोटो काढता आला तर उत्तम.

या नोंदींवरून अर्धं निदान होतं. भर दुपारी लाट चढल्यावर सुटतो, तर संशय विजेच्या वाटेवर किंवा यांत्रिक ताणावर. पहाटे हलक्या वाऱ्यातही सुटतो, तर बॅटरी रात्रभरात उतरली आहे. एका ठरावीक दिशेलाच भरकटतो आणि बोट वळवली की सुधारतो, तर कंपास. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना सुटतो, तर पुन्हा वीज. व्हीएचएफ रेडिओचं बटण दाबून बोलताना सुटतो, तर रेडिओच्या लहरी पायलटच्या तारांत शिरत आहेत. अशा वेळी तारांवर फेराइटचे (रेडिओच्या लहरी अडवणारे) क्लिप बसवायचे आणि अँटेनाची तार पायलटच्या तारांपासून लांब न्यायची.

संदेशांचे शब्द कंपनीप्रमाणे बदलतात, पण अर्थ साधारण सारखे. 'लो बॅटरी' म्हणजे कॉम्प्युटरपर्यंत पोचलेलं व्होल्टेज कमी पडलं. बॅटरी उतरली आहे असं त्यातून सिद्ध होत नाही, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. 'ड्राइव्ह स्टॉप्ड' म्हणजे मोटर सुकाणू फिरवू शकली नाही, किंवा सुकाणूचा कोन सांगणारा सेन्सर हद्दीबाहेर गेला. 'ऑफ कोर्स' हा नुसता परिणाम आहे, कारण दुसरीकडे शोधायचं.

व्होल्टेज: इथे वेळ घालवा

ज्या बोटींवर पायलट लोडखाली सुटतो, तिथे मी सगळ्यात आधी मल्टिमीटर काढतो. मीटरला किमान-कमाल नोंद ठेवणारं बटण असावं. मोटर सुरू होताना किंवा उलट फिरताना क्षणभरासाठी खूप जास्त करंट खेचते आणि व्होल्टेज तेवढ्यापुरतं दबतं. साध्या मीटरवर तो आकडा डोळ्यांना दिसतच नाही, पण कॉम्प्युटरला तो कळतो आणि तो मान टाकतो. १२ व्होल्टच्या यंत्रणेत बहुतेक कॉम्प्युटर १० ते ११ व्होल्टच्या आसपास हात वर करतात. नेमकी मर्यादा तुमच्या मॅन्युअलमध्ये असते.

मीटरच्या पिना बॅटरीवर लावू नका, कोर्स कॉम्प्युटरच्या वीज येणाऱ्या दोन स्क्रूंवर लावा. बोट समुद्रावर घ्या, पायलट लावा, दहा-दहा अंशांनी वळणं द्या आणि किमान आकडा बघा. त्याच वेळी दुसऱ्या कुणाला बॅटरीवरचा आकडा बघायला सांगा. दोन्ही आकड्यांत मोठा फरक असेल तर वीज वाटेत गळते आहे. दोन्हीकडे सारखाच कमी आकडा असेल तर बॅटरी किंवा चार्जिंगचा प्रश्न. स्थिरावलेली, पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी संपली.

एका ३६ फुटी बोटीवर, जिथे डेकखाली लिनियर (रॉड सरळ पुढे-मागे ढकलणारा) ड्राइव्ह आहे, ११ अँपियर करंटला बॅटरीवर १२.६ व्होल्ट आणि कॉम्प्युटरवर १०.९ व्होल्ट असं चित्र होतं. १.७ व्होल्ट वाटेत गायब. कुठे गेले ते शोधायची रीत सोपी आहे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, एक लांब वायर मगर-क्लिपने बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला लावून मीटरच्या एका पिनेला जोडायची आणि दुसरी पिन वाटेतल्या एकेका सांध्यावर टेकवत मागे जायचं. मोटर चालू असताना जो आकडा दिसतो, तेवढे व्होल्ट तिथवर पोचेपर्यंत वाया गेले. निगेटिव्ह बाजूला तेच पुन्हा.

त्या बोटीचा हिशोब असा निघाला. बॅटरी ते मुख्य स्विच ०.०५ व्होल्ट, म्हणजे उत्तम. पॅनेलवरच्या ब्रेकरमध्ये ०.२. मागच्या लॉकरमधल्या फ्यूज होल्डरमध्ये ०.६. पॉझिटिव्ह तारेत ०.३५. निगेटिव्ह वाटेत, तार आणि बसबार (सगळ्या तारा जोडायची धातूची पट्टी) मिळून, ०.५. फ्यूज होल्डर वरून अगदी चांगला दिसत होता. पण ०.६ व्होल्ट गुणिले ११ अँपियर म्हणजे साडेसहा वॉटहून जास्त उष्णता त्या बोटभर प्लास्टिकमध्ये. हात लावला तर गरम, आतून प्लास्टिक पिवळं पडलेलं, आणि पितळी पट्टीवर हिरवट-पांढरा थर. फ्यूज शाबूत होता. फ्यूज शाबूत आहे म्हणून कुणी होल्डर उघडून पाहत नाही, आणि हा दोष वर्षानुवर्षं तिथेच बसून राहतो.

पावसाळ्यात बोट चार महिने झाकून ठेवली की लॉकरमध्ये खारट दमट हवा कोंडते. कलई गेलेल्या पितळी भांड्यासारखी साध्या तांब्याच्या वायरची गत होते: वरचं आवरण चकचकीत आणि आत तांबं काळं. टोकापासून दोन इंच सोलून बघा. आतले धागे काळपट असतील तर लग (तारेच्या टोकाची धातूची टोपी) कापून नवा बसवण्यात अर्थ नाही, अख्खी वायर बदलावी लागते. नवी वायर कलई केलेल्या तांब्याची, बारीक धाग्यांची, बोटीसाठीचीच घ्या. घराच्या वायरिंगची जाड तार चालत नाही, कंपनाने ती सांध्याशी तुटते. लग चांगल्या क्रिंपिंग पान्याने दाबा आणि त्यावर गोंद असलेली उष्णतेने आकसणारी नळी चढवा. घरातल्या एसी विजेसाठीचा एमसीबी (छोटा ब्रेकर) बोटीच्या डीसी, म्हणजे बॅटरीवरच्या, सर्किटमध्ये वापरू नका. डीसीचा करंट तोडताना आतली ठिणगी लवकर विझत नाही, म्हणून डीसीसाठी दर्जा दिलेलाच ब्रेकर हवा.

वायर किती जाड हवी याचा हिशोब प्रत्येकाने स्वतः करावा, दुकानदाराच्या अंदाजावर सोडू नये. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात महत्त्वाच्या सर्किटला ३ टक्के घट मान्य आहे, म्हणजे १२ व्होल्टवर ०.३६. चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण ०.००४६ ओहम. बॅटरी ते कॉम्प्युटर सात मीटर असेल, तर जाण्यायेण्याचे चौदा मीटर धरायचे. ११ अँपियरला नुसत्या वायरमध्ये ०.७ व्होल्ट जातात. मर्यादेच्या दुप्पट, आणि यात सांधे धरलेलेच नाहीत. १६ चौरस मिलिमीटर घेतली तर तीच घट ०.१८ व्होल्टवर येते. त्या बोटीवर हीच वायर ओढली, होल्डर आणि ब्रेकर बदलले, निगेटिव्ह बसबार घासून नवे स्क्रू लावले. कॉम्प्युटर आणि कंपास जुनेच राहिले. स्टँडबायवर जाणं थांबलं.

सुकाणू हाताने फिरवून बघा

वीज नीट पोचते आणि तरी 'ड्राइव्ह स्टॉप्ड' येतं, तर ड्राइव्हची पिन काढून तो सुकाणूच्या आर्मपासून (सुकाणूच्या दांड्यावर बसवलेल्या हातापासून) वेगळा करा. आता चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. एका बोटाने फिरायला हवं. कुठे अडतं, कुठे जड लागतं, कुठे करकर आवाज येतो, ते पाहा. सुकाणूच्या दांड्याचं बेअरिंग फुगलेलं असेल किंवा दांडा आणि बोटीचा तळ यांच्या फटीत शिंपले धरले असतील, तर मोटर प्रत्येक वळणाला तो भार उचलते आणि करंट दुप्पट होतो. म्हणजे विजेचा वाटणारा बिघाड मुळात पाण्याखालचा निघू शकतो. बॉटम साफ करणाऱ्या माणसाला ती फट मुद्दाम दाखवा, नाहीतर तो सुकाणूचं पातं चकचकीत करून निघून जाईल.

उलट, ढिलेपणाही तेवढाच वाईट. ड्राइव्ह जोडलेला असताना कुणाला तरी सुकाणूचं पातं किंवा आपत्कालीन टिलर (चाक निकामी झालं तर सुकाणू फिरवायचा दांडा) धरून हलवायला सांगा आणि तुम्ही लॉकरमध्ये टॉर्च घेऊन बसा. आर्म दांड्यावर किंचित सरकतो का? रॉडच्या टोकाच्या चेंडूत खडखड आहे का? ड्राइव्हचा पाय ज्या लाकडी किंवा फायबरच्या पट्टीवर बोल्ट केला आहे, ती पट्टी वाकते का? दोन-तीन मिलिमीटर हालचाल दिसली तरी बोट लाटेवर नागमोडी जाणार. ड्राइव्हचा जोर शेकडो किलोंचा असतो, त्यामुळे पाया भक्कमच हवा.

सुकाणूचा कोन सांगणारा सेन्सर छोटा आणि स्वस्त असतो, म्हणून दुर्लक्षिला जातो. पडद्यावर सुकाणूच्या कोनाचं पान उघडा आणि चाक सावकाश फिरवा. आकडा सलग वाढायला हवा. मध्यावर, म्हणजे जिथे सुकाणू सर्वात जास्त काळ असतं तिथेच, आकडा उड्या मारत असेल तर आतली पट्टी झिजली आहे. सेन्सर बदला.

हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) यंत्रणेत मोटर चालल्याचा आवाज येतो पण सुकाणू उशिरा हलतं, असं झालं तर तेलात हवा आहे किंवा तेल कमी आहे. सांध्यांखाली कोरडा कागद ठेवून रात्रभर सोडा, गळती सकाळी दिसते.

कंपासच्या शेजारी काय ठेवलंय?

पायलट सुटत नाही, पण एका दिशेला दहा-पंधरा अंश भरकटतो आणि परत येतो, तेव्हा कंपासच्या सेन्सरकडे वळा. त्याच्या एक मीटरच्या आत काय आहे ते प्रामाणिकपणे पाहा: स्पीकर, हत्यारांची पेटी, डबाबंद खाण्याचे डबे, जादा नांगर, साखळी. प्रवासाच्या तयारीत रिकाम्या लॉकरमध्ये सामान भरलं जातं आणि सेन्सर बहुतेक अशाच लॉकरच्या भिंतीवर असतो. धक्क्यावर बरोबर असलेला कंपास प्रवासात बिघडण्याचं हे नेहमीचं कारण.

दुसरं कारण वीज वाहणाऱ्या तारा. या बाबतीत आपल्याच किनाऱ्यावरचं उदाहरण आहे. कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरलं, तेव्हा ट्रामच्या करंटमुळे या नोंदी निकामी होणार हे ओळखून १९०४ मध्ये अलिबागला नवं केंद्र उभारलं. दोन्हीकडे १९०६ पर्यंत सोबतच नोंदी घेतल्या आणि मग काम अलिबागला नेलं. वीज वाहणारी तार चुंबकसुईला फसवते ही गोष्ट इतकी पक्की आहे.

आकड्यात सांगायचं तर ११ अँपियरची एकटी तार सेन्सरपासून अर्ध्या मीटरवरून जात असेल, तर ती साधारण ४.४ मायक्रोटेस्ला क्षेत्र तयार करते. आपल्या भागात पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक ३८ मायक्रोटेस्लाच्या आसपास असतो. म्हणजे कंपास सहा-साडेसहा अंशांपर्यंत चुकू शकतो, आणि तोही फक्त मोटर चालू असताना. पायलट सुकाणू फिरवतो, करंट वाहतो, कंपास चुकतो, त्या चुकीवर पायलट आणखी सुकाणू फिरवतो. बोट नशा केल्यासारखी चालते आणि दोष सेटिंगवर येतो. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह तारा एकत्र पिळून नेल्या की दोघींची क्षेत्रं एकमेकांना छेदून जवळजवळ शून्य होतात. म्हणून नवी जाड वायर ओढताना दोन्ही तारा बोटीच्या एकाच बाजूने, एकत्र न्या.

तपासणी करायची तर शांत पाण्यात इंजिनवर, दर ४५ अंशांना पायलटचा आकडा आणि हातातला कंपास जुळवून पाहा. मुंबईपाशी खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक एका अंशाहूनही कमी आहे, त्यामुळे चार्टवरच्या रेषेशी तुलना करणंही सोपं. हातातला कंपास धरून चाकाशेजारी उभे राहू नका, चाकाचं लोखंड त्याला ओढतं.

सेन्सरची जागा किंवा तारा बदलल्या की कॅलिब्रेशनचा फेरा, म्हणजे बोट गोल फिरवून कंपास जुळवून घेणं, पुन्हा करावाच लागतो.

नेटवर्क

बोटीवरची उपकरणं एकमेकांना जोडणारं एनएमईए २००० नेटवर्क असेल तर मुख्य तारेच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा टर्मिनेटर (टोकाला लावायचा रोध) हवा. वीज बंद करून पांढऱ्या आणि निळ्या तारेमध्ये मोजलं तर ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टर्मिनेटर गेला किंवा वाटेत तार तुटली. ४० आले तर कुणीतरी तिसरा लावून ठेवला आहे. दोन मिनिटांचं काम.

सेटिंग सगळ्यात शेवटी

व्होल्टेज, सुकाणू आणि कंपास नीट झाल्याशिवाय रिस्पॉन्स (पायलट किती तत्परतेने वागतो) किंवा रडर गेनला (तो सुकाणू किती फिरवतो) हात लावू नका. बिघडलेल्या यंत्रणेवर सेटिंग बदललं की खरं कारण झाकलं जातं. सगळं नीट झालं की शांत पाण्यात, नेहमीच्या वेगाने, ४० अंशांचं वळण द्या. बोट चटकन वळून पाच अंशांच्या आतच पुढे जाऊन स्थिरावली तर गेन योग्य. त्याहून पुढे जाऊन मागे इंग्रजी एससारखा माग राहिला तर गेन जास्त. रेंगाळत वळली तर कमी.

आणि शिडं. बोट वाऱ्याकडे तोंड वळवायला धडपडत असेल तर कुठलाही पायलट तिच्याशी भांडत राहील आणि बॅटरी रिकामी करील. पायलट काढून चाक हातात घ्या. सतत एका बाजूला ओढ लागत असेल तर मेनसेल (मुख्य शीड) रीफ करा म्हणजे लहान करा, मेनशीट (ते शीड ओढून धरणारा दोर) थोडी सोडा. मागच्या वाऱ्यावर मोठं मेनसेल गुंडाळून नुसत्या जेनोआवर (पुढच्या मोठ्या शिडावर) गेलात तर बोट पुढून ओढली जाते आणि पायलटचं काम निम्म्यावर येतं. एकट्याने जगाला फेरी मारायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत इलेक्ट्रॉनिक पायलटला परवानगीच नाही, फक्त वाऱ्यावर चालणारं सुकाणू चालतं. अभिलाष टॉमी २०२२-२३ च्या शर्यतीत जगाला फेरी मारून दुसरे आले ते त्यावरच. ते यंत्र एक अँपियरही घेत नाही, पण शिडांचा तोल साधल्याशिवाय चालतच नाही. तो तोल साधायची सवय विजेच्या पायलटलाही तेवढीच उपयोगी.

दुरुस्तीनंतरची चाचणी दुपारीच घ्या. खांदेरीच्या बाहेर वारा भरलेला असताना, लाट मागून तिरकी घेऊन, मीटर कॉम्प्युटरला जोडलेला ठेवून निदान दोन तास. फ्रिज, चार्टप्लॉटर, रात्रीचे दिवे, जे काही गोव्याच्या वाटेवर चालू असेल ते सगळं चालू ठेवा. किमान आकडा वहीत लिहा. पुढच्या हंगामात पावसाळ्यानंतर तोच आकडा पुन्हा मोजा, तो अर्धा व्होल्ट खाली आला असेल तर सांधे साफ करायची वेळ झाली.

सोबत पायलटचे दोन जादा फ्यूज, एक नवा फ्यूज होल्डर, योग्य मापाचे लग, ड्राइव्हच्या टोकाची पिन आणि तिची स्प्लिट पिन ठेवा. आपत्कालीन टिलर लॉकरच्या तळाशी शिडांखाली नको, हाताला लागेल असा ठेवा आणि निघण्यापूर्वी एकदा तो बसवून, त्याने बोट वळवून बघा.